दंडाखाली लोंबणाऱ्या त्वचेची शस्त्रक्रिया मे महिन्याच्या सुट्टीत करून घ्यावी का?

फळा_आणि_खडू

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहते आणि एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४४. मधुमेहाचे निदान झाल्यावर आहार बदलला, रोजचे चालणे सुरू केले, गोळ्या न चुकता घेतल्या आणि वजन ९४ किलोंवरून ६८ किलोंवर आले. साखर आटोक्यात आहे, जिना चढताना धाप लागत नाही, गुडघ्यांची कुरकुर थांबली आहे. एवढे सगळे चांगले झाले असताना तक्रार करणे काहींना कृतघ्नपणाचे वाटेल; घरातल्या वडीलधाऱ्यांना तर वाटतेच. परंतु दोन्ही दंडांच्या खाली काखेपासून कोपरापर्यंत कातडी लोंबते आहे, फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला की ती हलते, आणि आठवी-नववीच्या मुलांचे डोळे किती तीक्ष्ण असतात हे शिक्षकांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्याहून त्रासाची गोष्ट उन्हाळ्यातली आहे. मार्च संपता संपता काखेजवळच्या घडीत घाम साचतो, लाल पुरळ उठते, खाज सुटते, आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटून पुन्हा तेच सुरू होते. व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून दंडाच्या मागच्या स्नायूचे व्यायाम दीर्घकाळ केले. स्नायू टणक झाला हे हाताला कळते, पण कातडी त्याच्याखाली तशीच लोंबते.

यावर ब्रॅकिओप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया असते असे समजले. व्यायाम, मालिश किंवा एखाद्या यंत्राने ही कातडी आवळणे शक्य आहे का, की शस्त्रक्रियेला पर्याय नाही? व्रण किती मोठा राहतो? मला मोठी सुट्टी फक्त मे महिन्यात मिळते. सोलापूरच्या मे महिन्यात असे काही करून घेणे शहाणपणाचे ठरेल का? आरोग्य विम्यातून काही मिळते का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल. ज्यांनी स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे किंवा ज्यांना विषयाची जाण आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विजापूर_रोडकरीण

ताई, माझी ही शस्त्रक्रिया गेल्या वर्षी दिवाळीनंतर झाली. माझे वजन जठराच्या शस्त्रक्रियेनंतर उतरले होते, त्यामुळे कातडी तुमच्यापेक्षा बहुधा अधिकच होती. निकालाबद्दल मी समाधानी आहे, पण समाधानी असणे आणि व्रण न दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोंबणारी घडी गेली आणि तिच्या जागी काखेपासून कोपराच्या थोडे वरपर्यंत एक रेघ आली. हात खाली असताना ती दिसत नाही. हात वर केला की दिसते, आणि तुम्ही तर दिवसभर हात वर करणार. पहिले काही महिने ती लालसर आणि उंचावलेली होती, स्पर्शाला दोरीसारखी लागत असे. आता सपाट होत चालली आहे, रंग मात्र आसपासच्या त्वचेपेक्षा गडदच आहे.

वेदनांची मला जेवढी धास्ती होती तेवढ्या त्या झाल्या नाहीत. त्रास झाला तो परावलंबनाचा. केस विंचरणे, पाठीमागची हुकं लावणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, पोळ्यांसाठी कणीक मळणे, यांतले काहीच सुरुवातीला जमत नाही. दोन्ही हात एकाच वेळी बांधलेले असतात हे आधी नीटसे लक्षात येत नाही. मनगटे आणि बोटे काही दिवस सुजलेली होती, त्यामुळे बांगड्या आधीच काढून ठेवाव्या लागल्या. काखेजवळचा एक टाका उसवला आणि तेवढ्या भागाचे रोजचे ड्रेसिंग बरेच लांबले. डॉक्टरांनी याची कल्पना आधी दिलेली असल्यामुळे घाबरगुंडी उडाली नाही. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, एक पट्टा अजून थोडा बधिर आहे.

खर्च लाखाच्या पुढे गेला आणि तो सगळा पदरचा होता. तुम्ही अंदाजपत्रक मागाल तेव्हा शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, मुक्काम, दाबाच्या बाह्या आणि पुढे व्रण दुरुस्त करावा लागला तर त्याचे पैसे, हे सगळे त्यात धरले आहे का ते लेखी विचारा.

त्वचा_आणि_टाके

मी प्लास्टिक सर्जन आहे; सोलापूरबाहेर काम करते, त्यामुळे कोणत्याही स्थानिक रुग्णालयाची शिफारस करणार नाही. तपासल्याशिवाय सल्ला देता येत नाही, तरी सर्वसाधारण माहिती देते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. त्वचेला ताणून पुन्हा मूळ जागी आणण्याचे काम तिच्यातले कोलॅजन आणि इलॅस्टिन हे तंतू करतात. त्वचा अनेक वर्षे ताणलेली राहिली आणि मग आतली चरबी गेली, की हे तंतू पूर्वीसारखे आवळत नाहीत. व्यायामाने स्नायू वाढतो, आणि तो आरोग्यासाठी वाढवावाच, पण स्नायू आणि लोंबणारी त्वचा हे दोन निराळे थर आहेत; खालच्या थराला बळकटी दिल्याने वरचा आखूड होत नाही. रेडिओफ्रीक्वेन्सीसारख्या उष्णतेच्या यंत्रांनी थोडीशी सैल झालेली त्वचा काही प्रमाणात घट्ट होते. २६ किलो वजन उतरल्यानंतर काखेपासून कोपरापर्यंत उरलेल्या कातडीवर त्यांचा उपयोग नाममात्र असतो, आणि तरीही त्यांची जाहिरात नेमकी अशाच स्त्रियांना उद्देशून केली जाते, याची मला खंत वाटते.

लायपोसक्शनचीही गल्लत होते. नळीने चरबी ओढून घेण्याची ही पद्धत, त्वचा अजून लवचिक आहे पण दंड चरबीने जाड आहे, अशा व्यक्तीसाठी चांगली असते. जिथे चरबी कमी आणि कातडी जास्त, तिथे केवळ लायपोसक्शन केले तर कातडी आणखी रिकामी होऊन अधिक लोंबते. ताई, आरशासमोर हात बाजूला आडवा धरून, कोपर काटकोनात वाकवून, दंडाखालची घडी चिमटीत धरून पाहा. चिमटीत आलेला भाग पातळ असेल तर प्रश्न त्वचेचा आहे. जाड आणि भरीव असेल तर चरबीही आहे. सैलपणा फक्त काखेजवळ असेल तर काखेच्या घडीत लपणाऱ्या छोट्या छेदावर भागते. तुमच्या वर्णनावरून तेवढ्यावर भागेल असे दिसत नाही.

पूर्ण ब्रॅकिओप्लास्टीत, जागेपणी हात वर करायला लावून आधी खुणा केल्या जातात, मग भूल देऊन त्या खुणांमधला त्वचेचा आणि चरबीचा लांबट तुकडा काढतात व कडा थराथराने शिवतात. दोन्ही हातांना साधारण दोन ते तीन तास लागतात. व्रण कुठे ठेवायचा हा खरा चर्चेचा मुद्दा आहे. दंडाच्या आतल्या बाजूला ठेवला तर हात खाली असताना लपतो. मागच्या बाजूला ठेवला तर समोरून दिसत नाही, पण पाठीमागच्या माणसाला दिसतो. फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या शिक्षिकेच्या बाबतीत हा विचार वेगळा होऊ शकतो, म्हणून आपल्या दिवसभराच्या हालचाली सर्जनला करून दाखवा. व्रण परिपक्व व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते, आणि दंडावरचा व्रण पोटावरच्या किंवा कानामागच्या व्रणाइतका सुबक होईल असे आश्वासन कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची, किंवा मूळ जखमेच्या बाहेर पसरून किलॉइड होण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते. तुमच्या डाव्या दंडावर लहानपणच्या बीसीजी लसीची खूण असेल, ती पाहा. ती वाढून उंच आणि खाजरी झाली असेल, किंवा कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली असेल, तर ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. त्यावरून शस्त्रक्रिया बाद होतेच असे नाही, पण निर्णय बदलू शकतो.

वर बधिरपणाचा उल्लेख आला आहे. दंडाच्या आतल्या बाजूने, एका मोठ्या शिरेच्या सोबतीने, हाताच्या त्वचेची संवेदना वाहणारा मज्जातंतू जातो. कोपराच्या वर तो खोल आवरणातून बाहेर येऊन त्वचेजवळ येतो, आणि तिथे त्याला इजा होऊ शकते. हे टाळण्यासाठी सर्जन त्या भागात चरबीचा पातळ थर मुद्दाम ठेवतात. बहुतेक वेळा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, क्वचित कायम राहतो. जखमेखाली पाणी साचणे, काखेजवळ टाके उसवणे, जंतुसंसर्ग, दोन्ही दंडांत किंचित फरक राहणे, हेही होऊ शकते.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. वजन ६८ किलोंवर येऊन किती काळ झाला? एचबीए१सी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, किती आहे? हिमोग्लोबिन किती आहे?

सुईदोरा_नवी_पेठ

मी डॉक्टर नाही, ब्लाऊज शिवते. तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण अशी शस्त्रक्रिया झालेल्या दोन ग्राहक माझ्याकडे येतात आणि त्यांची अडचण रुग्णालयात कोणाच्या ध्यानात आलेली दिसली नाही. ब्लाऊजच्या बाहीची शिवण काखेतल्या मुंढ्यापासून सुरू होऊन दंडाच्या आतल्या बाजूने खाली उतरते. व्रण आतल्या बाजूला असेल तर तोही नेमका त्याच रेषेवर असतो. तंग बाहीची आतली माया त्या कोवळ्या व्रणावर दिवसभर घासते आणि मग खाज, लाली, काळेपणा. त्यामुळे पहिले वर्षभर बाही सैल ठेवावी, मऊ सुती अस्तर लावावे, आणि शिवण थोडी मागच्या बाजूला सरकवून घ्यावी; शिवणारीला आधी सांगितले तर हे अवघड नाही. जुने ब्लाऊज लगेच आवळून घेऊ नयेत. सूज उतरेपर्यंत दंडाचे माप बदलत राहते, आणि एका ग्राहकाचे तर मी तेच ब्लाऊज पुन्हा उसवून दिले.

कोपरापर्यंतची बाही घातली तर व्रण पूर्ण झाकला जातो. बिनबाह्यांच्या हौसेसाठीच कोणी हा खटाटोप करणार असेल, तर मात्र त्यांनी व्रणाची छायाचित्रे दहा वेळा पाहून ठरवावे, असे माझे मत आहे.

होटगी_रोड_विमावाले

विम्याबद्दल. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेचा अपवाद आहे आणि तो जवळपास प्रत्येक आरोग्य विमा पॉलिसीत छापलेला असतो. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असल्यामुळे केलेले उपचार, एवढ्यापुरतीच सूट आहे. वारंवार होणाऱ्या पुरळाच्या आधारावर दावा करता येईल का, असे अनेक जण विचारतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या नोंदी जमवून कंपनीकडे आधी लेखी विचारणा करायला हरकत नाही, पण मंजुरी मिळेल हे गृहीत धरून तारीख ठरवू नये. दुसरे म्हणजे, रुग्णालयातील उपचारांना वस्तू व सेवा करातून जी सवलत असते ती सौंदर्यशस्त्रक्रियेला नसते, त्यामुळे सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे की नाही हे विचारून घ्यावे.

निवृत्त_परिचारिका

मे महिन्याविषयी मला बोलायचे आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो हे येथे सर्वांना माहीत आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही दंडांवर दाबाच्या घट्ट बाह्या साधारण चार ते सहा आठवडे, बहुतेक वेळ, घालाव्या लागतात, आणि जखमेचे एक टोक थेट काखेत असते. घाम जिथे सर्वांत जास्त, तिथेच टाके. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करूच नये असा नियम नाही. मोठ्या शहरांत त्या वर्षभर होतात. परंतु ज्या घरी वातानुकूलित खोली नाही आणि दुपारी वीज जाते, तिथे ही शिक्षा आहे. शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून नोव्हेंबरमध्ये करून घ्यावी. संक्रांतीपर्यंत हात बराच मोकळा होतो, आणि हळदीकुंकवाला लांब बाह्या घातल्या तरी कोणी कारण विचारत नाही.

पुण्याला जाऊन करून घेण्याचा विचार असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षा नंतरच्या महिन्याचा हिशेब करा. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परतणे धडधाकट माणसाला सोपे असते. दोन्ही हात बांधलेल्या बाईला पिशवी उचलता येत नाही आणि गर्दीत आधारासाठी वरची दांडी धरता येत नाही. टाका उसवला किंवा पाणी साचले तर सोलापुरात कोण पाहणार, हे नाव घेऊन ठरवून ठेवावे. इथल्या सर्जनकडे करून घेणार असाल तर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी पाहून घ्या. पाटीवर नुसते 'कॉस्मेटिक' लिहिलेले असणे ही पात्रता नाही.

एक प्रश्न आपल्या भागात उघडपणे विचारला जात नाही, म्हणून मी विचारते. मशेरी लावता का? मी सेवेत असताना पाहिले आहे की सिगारेट ओढता का असे विचारले की बायका मान हलवून नाही म्हणतात, आणि ते खरेही असते. मशेरीला त्या तंबाखू समजतच नाहीत. निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधीपासून आणि जखम भरेपर्यंत मशेरी, तंबाखू, सगळे पूर्ण बंद हवे.

बाळीवेस_४१३

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या मोठ्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्या वेळी काखेतल्या गाठी काढल्या. आता तिचा तो दंड जाड आणि जड झाला आहे. तिला ही शस्त्रक्रिया चालेल का?

त्वचा_आणि_टाके

आपल्या बहिणीचा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यावर हातातला द्रव परत वाहून नेण्याची वाट अरुंद होते आणि हात सुजतो. त्याला लसिकासूज (लिम्फेडेमा) म्हणतात. अशा हातावर सौंदर्यासाठी छेद घेतल्यास उरलेल्या वाहिन्याही तुटून सूज वाढू शकते. त्यांनी कर्करोगतज्ज्ञांना दाखवून, विशेष मालिश आणि दाबाच्या बाह्या यांसाठी प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्या हातावर रक्तदाब मोजणे आणि सुई टोचणे शक्यतो टाळावे, आणि तो हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

फळा_आणि_खडू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टर, तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते. वजन अजून उतरतच आहे. दर महिन्याला एक-दीड किलो कमी होते आणि आहारतज्ज्ञांनी ६२ किलोंचे उद्दिष्ट दिले आहे. एचबीए१सी ६.४ आहे. हिमोग्लोबिन १०.१ आहे, पाळी जास्त जाते आणि मी शाकाहारी आहे. बीसीजीची खूण सपाट आहे. मशेरी कधीच लावली नाही. चिमटीत धरलेली घडी पातळ आहे. सुईदोरा ताई, शिवणीचा मुद्दा मला कधीच सुचला नसता.

त्वचा_आणि_टाके

मग मे महिन्याचा प्रश्न आपोआप सुटला, कारण सध्या ही शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत करण्याजोगी नाही. वजन किमान सहा महिने स्थिर असावे लागते. आता त्वचा काढली आणि त्यानंतर आणखी सहा किलो उतरले, तर दंड पुन्हा सैल होईल आणि व्रण मात्र आधीच घेतलेला असेल. साखर समाधानकारक आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. त्यासाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून पाळीत जास्त रक्त का जाते ते शोधा, लोह आणि बी१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बराच काळ घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी असतील तर, बी१२ कमी पडते. वजन कमी करण्याच्या नादात डाळी, दूध, पनीर, अंकुरित कडधान्ये कमी झाली असतील तर ती वाढवा. प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. हे सगळे जुळून आले, तर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरचा विचार करता येईल.

या उन्हाळ्यापुरते पुरळाचे पाहा. 'चार दिवस बरे वाटून पुन्हा सुरू' हे वर्णन वाचून मला शंका येते की दुकानदाराने दिलेल्या मलमात बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असावे. अशी मिश्र मलमे आपल्याकडे सर्रास विकली जातात. स्टेरॉइडमुळे खाज लगेच थांबते, पण बुरशी दबून पुन्हा पसरते, आणि सततच्या वापराने त्वचा पातळ होऊन तिच्यावर चट्टे पडतात. ज्या त्वचेवर उद्या टाके घालायचे आहेत तिचे असे नुकसान होऊ देऊ नका. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचे नाव लिहिले असेल तर ते मलम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि पुढे काय करायचे ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. तोपर्यंत अंघोळीनंतर घडी न घासता टिपून पूर्ण कोरडी करा, सुती सैल कपडे घाला, आणि शाळेत मधल्या सुट्टीत घाम पुसायला एक मऊ कोरडा पंचा जवळ ठेवा.

फळा_आणि_खडू

नळी आत्ताच पाहिली. क्लोबेटासोल लिहिलेले आहे. सोमवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. हिमोग्लोबिनसाठी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाईन.